मलिक अंबर आणि छत्रपती शिवाजी महाराज : दोन वारशांचा तौलनिक विचार

प्रस्तावना
पनवेलच्या पूर्वेस असलेला प्रबळगड, म्हणजेच पूर्वीचा मुरंजन, हा दोन राजवटींना जोडणारा दुर्ग आहे. निजामशाहीचा अस्त होत असताना, इ. स. १६३६ च्या सुमारास, माहुलीस जाण्यापूर्वी शहाजीराजांनी याच दुर्गाचा आश्रय घेतला होता. पुढे तो स्वराज्यात आला आणि इ. स. १६६५ च्या पुरंदर तहान्वये मोगलांना द्यावा लागला. या दोन राजवटींचे कर्तृत्व मलिक अंबर आणि शिवाजी महाराज यांच्या नावांशी निगडित आहे. प्रस्तुत लेखात या दोघांच्या वारशाची तुलना केली आहे.

महसूलव्यवस्था
इथिओपियात जन्मलेला अंबर गुलाम म्हणून दख्खनमध्ये आला आणि इ. स. १६०० नंतर निजामशाहीचा प्रत्यक्ष सूत्रधार बनला. त्याने इजारापद्धती बंद करून जमिनीच्या प्रतीनुसार व प्रत्यक्ष पिकानुसार सारा ठरविला आणि गावाच्या परंपरागत वतनदारांवर वसुलीची जबाबदारी सोपविली. हा ‘मलिकंबरी धारा’ त्याच्या मृत्यूनंतरही टिकला. पुणे जहागिरीत आरंभी तोच आधारभूत होता.

शिवाजी महाराजांनी या पायावर पुढची रचना केली. अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली जमिनीची मोजणी झाली. पाच हात व पाच मुठी लांबीची काठी आणि वीस काठ्या लांब-रुंद क्षेत्राचा बिघा हे प्रमाण ठरले. सभासद बखरीनुसार उत्पन्नाचे तीन हिस्से रयतेस व दोन हिस्से सरकारास होते. वतनदारांच्या मनमानीला आळा घालून राज्याचा रयतेशी थेट संबंध जोडणे हे या रचनेचे वेगळेपण होय.

राज्यसंस्था
अंबरने सत्ता चालविली ती निजामशहाच्या नावाने. इ. स. १६२४ मध्ये भातवडी येथे त्याने मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. तथापि इ. स. १६२६ मध्ये त्याचे निधन झाले आणि अवघ्या दहा वर्षांत ते राज्य लयास गेले. याउलट ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांनी स्वतःस राज्याभिषेक करवून घेतला, नवा शक सुरू केला आणि राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला. त्यामुळे सत्तेला व्यक्तीच्या पलीकडे जाणारे अधिष्ठान लाभले. इ. स. १६८० मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर मोगलांचे प्रचंड आक्रमण होऊनही हे राज्य टिकून राहिले.

स्मृती
अंबरने वसविलेल्या खडकीचे नाव त्याच्या पुत्राच्या काळात फतेहनगर, नंतर औरंगाबाद आणि इ. स. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. ‘नहर-ए-अंबरी’ या भूमिगत जलवाहिनीने मात्र निर्मात्याचे नाव जपले. कुलाबा जिल्ह्यास इ. स. १९८१ मध्ये ‘रायगड’ हे नाव मिळाले. एकाचा वारसा मुख्यतः व्यवस्थेच्या रूपाने उरला, तर दुसऱ्याचा व्यवस्था आणि नाव अशा दोन्ही रूपांनी.

या भेदाचे कारण केवळ धर्मात शोधणे अपुरे ठरते. शिवाजी महाराजांच्या आश्रयाने रचलेल्या परमानंदाच्या ‘शिवभारता’त भातवडीच्या युद्धाचे वर्णन येते आणि अंबरच्या पराक्रमाचा गौरवाने उल्लेख होतो. समकालीनांना हा वारसा परका वाटत नव्हता, हे यावरून दिसते. स्वतःच्या नावाने राज्यसंस्था उभी राहिली की नाही, हा येथे अधिक निर्णायक घटक आहे.

निष्कर्ष
निजामशाहीचा अस्त आणि मराठी सत्तेचा उदय ही दोन स्वतंत्र प्रकरणे मानून शिकविल्यास महसूलव्यवस्थेतील सातत्य विद्यार्थ्यांच्या दृष्टीआड होते. स्मारके व नावे यांच्या जोडीला धारा, मोजणी व जलव्यवस्था यांचाही वारसा म्हणून विचार व्हावयास हवा. त्यातून शिवाजी महाराजांचे कर्तृत्व उणे होत नाही. उलट, उपलब्ध पायावर त्यांनी नेमके नवे काय उभारले, हे अधिक स्पष्ट होते.