सीटा भरेपर्यंत थांबायचं का?

मंडळी, आपण पेणला रामवाडीच्या नाक्यावर मिनीडोअरमध्ये बसलोय असं समजा. सीटा भरल्याशिवाय ती सुटत नाही. इंटरनेटवरही असंच घडतं. आपण एकच अक्षर पाठवलं, तर त्या १ बाइटसोबत पत्ता, क्रमांक वगैरेंचे ४० बाइट जातात. ही उधळपट्टी टाळण्यासाठी जॉन नेगल यांनी १९८४ मध्ये नियम सुचवला: आधीच्या पाकिटाची पोच येईपर्यंत किरकोळ माल थांबवा; पाकीट भरलं तर लगेच सोडा.

पण पलीकडचं यंत्रही पोच रोखून धरतं, उत्तरासोबतच पाठवू म्हणून. दोघंही एकमेकांची वाट बघतात. यात २०० मिलिसेकंदांपर्यंत वेळ जाऊ शकतो. इथे महागडं कनेक्शन घेऊन उपयोग नाही. गाडी सुटलीच नाही, तर रुंद रस्ता काय करणार?

उपाय दोन. संदेश तुकड्यातुकड्यांनी न देता एकदम द्यायचा. आणि घाईच्या कामाला 'टीसीपी नोडिले' हा पर्याय लावायचा, म्हणजे स्पेशल रिक्षा! सगळेच स्पेशलने निघाले तर मात्र रस्ता तुंबेल.

काटकसर चांगलीच, पण ती कोणाच्या वेळेतून होते, हे आपण विचारायलाच हवं.