माणशी अर्धा एकर

1972च्या दुष्काळाच्या गोष्टी निघाल्या, की लाल मिलो आणि सुकडी या दुष्काळी अन्नापाशी येऊन थांबतात. त्याच दुष्काळातून एक हिशेबही निघाला. पुरंदर तालुक्यातला तो हिशेब त्या गोष्टींत क्वचितच येतो.

विलासराव साळुंखे पुण्यातले इंजिनियर, स्वतःचा कारखाना असलेले. दुष्काळी कामं पाहत ते पुरंदरात फिरले. उन्हात खडी फोडत बसलेल्यांतले कितीतरी जण जमीनवाले शेतकरी होते. हजेरी लागत होती, मजुरी मिळत होती. पण त्या खडीतून पुढच्या साली ज्वारी उगवणार नव्हती. हे त्यांना खटकलं. 1974 साली त्यांनी नायगावात देवस्थानची सुमारे 16 हेक्टर माळजमीन कराराने घेतली. वर बांधबंदिस्ती, खाली पाझर तलाव, त्याखाली विहीर, विहिरीवरून उपसा. यात नवं काही नव्हतं. कुठल्याही मृदसंधारणवाल्याने हेच सांगितलं असतं.

खरी कसोटी पुढे होती. पाणी नसतं तोवर गावात एकी असते, पाणी दिसलं की भावकी आठवते. ज्याचं रान मोठं त्याचा पाट मोठा, ही सगळीकडची रीत. साळुंखेंनी शेतकऱ्यांचे गट बांधून उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने ती मोडली. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, आणि कुटुंबाला फार तर अडीच एकरांचं. म्हणजे वीस एकरवाल्याच्या घरात चार माणसं असली, तर त्याचे दोनच एकर भिजणार. शेजारच्या भूमिहीनाच्या घरात पाच तोंडं, तर त्याचा हिस्सा अडीच एकरांचा! वीस एकरवाल्याच्या गळी हे उतरवणं किती अवघड, ते गावकीत बसलेल्याला सांगायला नको. जमीन विकली तरी पाणी तिच्यासोबत जात नाही, ते गटाकडे परत येतं. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी आधी भरायचा. पाणी सोडायला गटाचाच पाटकरी.

आणि ऊस बंद. माझ्या मते सगळ्यांत धाडसी कलम हेच. पुणे जिल्ह्यात उसाला नाही म्हणायचं, म्हणजे साखर कारखाना, सोसायटीचं कर्ज आणि पुढारी या तिघांनाही नाही म्हणायचं. पण एकाच्या उसाने विहीर उपसली, तर बाकीच्यांच्या ज्वारी-बाजरीला काय उरणार? पाऊस दगा देतो त्या साली तर काहीच नाही.

2013च्या अन्नसुरक्षा कायद्यानेही माणशीच मोजलं. महिन्याला 5 किलो धान्य. ते हवंच, त्यावर कितीतरी चुली पेटतात. पण ते दुकानातून येतं. अर्ध्या एकराच्या पाण्यावर माणूस आपलं धान्य स्वतः पिकवतो.

साळुंखे 2002 साली गेले. 2005 साली राज्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. टंचाईच्या साली लाभक्षेत्रातल्या प्रत्येक जमीनधारकाला, शक्य तोवर, निदान एका एकराचं पाणी मिळावं, असं त्यात लिहिलं आहे. भूमिहीनाचा हिस्सा त्या कलमात नाही.