नाळेतला चढता-उतरता सूर

गरोदरपणात बाळाची वाढ कमी वाटली की ‘डॉप्लर’ तपासणी सांगितली जाते. खोलीत ‘शूऽ शूऽ’ असा आवाज येतो आणि पडद्यावर करवतीच्या दातांसारखा आलेख सरकू लागतो. सोबत आलेल्या सासूबाई हमखास विचारतात, ‘‘हे बाळाचे ठोके ना?’’ लय ठोक्यांचीच, पण आवाज असतो नाळेतून वाहणाऱ्या रक्ताचा.

समजा, यंत्र ३ मेगाहर्ट्झचा ध्वनी आत सोडते. सेकंदाला ५० सेंटिमीटर वेगाने थेट समोरून येणाऱ्या रक्तपेशींवरून तो परततो, तेव्हा त्याची वारंवारता सुमारे १,९५० हर्ट्झने वाढलेली असते. हा फरक आपल्या कानाच्या टप्प्यातला, म्हणून तो ऐकवता येतो. पण कडेच्या पेशी मंद चालतात, मधल्या वेगाने. त्यामुळे अनेक सूर एकदम वाजतात. ते सुटे करायची रीत फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिए यांची. उष्णता कशी पसरते यावरच्या त्यांच्या १८२२ च्या ग्रंथात ती आहे: गुंतागुंतीचा आकार साध्या लहरींच्या बेरजेतून उभा करायचा.

अडचण एवढीच, की या लहरी एकसुरी असतात. रक्ताचा सूर मात्र मींड घेतल्यासारखा दर ठोक्याला चढतो आणि उतरतो. अख्ख्या आवाजाची एकदम फोड केली, तर कोणते सूर होते ते दिसेल. कोणता कधी होता, ते दिसणार नाही. आम्हाला तर तेच हवे असते! म्हणून यंत्र आवाजाचे बारीक तुकडे करते. तुकडा १० मिलिसेकंदांचा धरला आणि बाळाचे ठोके मिनिटाला १४० असले, तर एका ठोक्याचे चाळीसेक तुकडे पडतात. प्रत्येकाची वेगळी फोड म्हणजे पडद्यावरची एक उभी रेघ. तुकडा आणखी लहान केला तर वेळ नेमकी कळते, पण सूर पुसट होतात. महागडे यंत्र घेतले म्हणून यातून सुटका नाही.

आमची नजर असते दोन दातांमधल्या दरीवर. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळातही रक्त वारेकडे वाहत राहायला हवे. वारेतल्या रक्तवाहिन्यांचा अडथळा वाढला की दरी खोल होते, मग तळाला टेकते. सर्वांत वाईट म्हणजे आलेख रेषेखाली जातो: रक्त उलटे फिरलेले असते. बाळ लहान असताना असे दिसले, तर दाखल करून घेणे, पुन्हा पुन्हा तपासणे आणि कधी दिवस भरण्याआधीच प्रसूती करणे, हे निर्णय त्या दरीवर ठरतात.

इथे एक खाचखळगा आहे. रक्तवाहिनीच्या भिंतीच्या हालचालीचा घुमारा काढण्यासाठी यंत्रात गाळणी असते. ती खालचे सूर कापते. ती जास्त ठेवली, तर मंद पण चालू असलेला प्रवाहही नाहीसा दिसतो. म्हणून ‘प्रवाह नाही’ असे लिहिण्याआधी गाळणी कमी करून, बाळ शांत असताना पुन्हा पाहतात. उलटा प्रवाह मात्र गाळणीने तयार होत नाही. अहवालात तसे लिहिले असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे.