पेडल, पॅडल की पायडल? नेमकं काय बरोबर?

सायकलच्या दुकानात कुणी ‘पायडल बदला’ म्हटलं की शेजारचा हसतो आणि ‘पेडल म्हणा’ असं सुचवतो. खरं तर हसण्यासारखं त्यात काही नाही. लॅटिनमध्ये पावलाला ‘पेस’ म्हणतात. त्यावरून इटालियन, फ्रेंच असा प्रवास करत ‘पेडल’ इंग्रजीत आला. संस्कृत ‘पाद’ आणि त्यातून झालेला आपला ‘पाय’ही त्याच कुळातले. परक्या शब्दात दडलेला पाय ‘पायडल’ म्हणणाऱ्यांनी अचूक हेरला!

इंग्रजीत १७व्या शतकात हा शब्द आला तो ऑर्गन या वाद्यासाठी. सायकलचा तेव्हा पत्ताही नव्हता. पुढे पियानो, मोटार, सायकल, जिथे पायाने दाबायचं तिथे पेडल.

‘पॅडल’ मात्र वेगळा. पॅडल म्हणजे वल्हं, ते हाताने मारतात. तलावातली पायाने चालवायची होडी ‘पेडल बोट’च.

मोटारीत डावीकडून क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. ऑटोमॅटिक गाडीत क्लच नसतो आणि उरलेली दोन्ही पेडल्स एकट्या उजव्या पायाने दाबायची असतात. डावा पाय मध्ये आणू नये. घाबरून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला तर गाडी थांबण्याऐवजी उसळते आणि जीवावर बेतू शकतं.

सायकलवाल्यांसाठी एक गोष्ट: डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते काढताना पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा.