मागच्या दाराने जायचे नाकारणारा नट : सिडनी पॉयटिए

सिनेमा आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घराला आवडतो. पण त्यातली नोकराची, गड्याची, मार खाणाऱ्याची भूमिका कोणाच्या वाट्याला येते, असा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. अमेरिकेतल्या काळ्या माणसांना हा प्रश्न कित्येक वर्षे छळत होता. तिथल्या पडद्यावर काळा माणूस दिसायचा तो हमाल, स्वयंपाकी किंवा हसे करून घेणारा विदूषक म्हणून. हे चित्र बदलण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य खर्ची घातले, त्या सिडनी पॉयटिए यांची ओळख आम्ही आज वाचकांना, विशेषतः शिकणाऱ्या मुलामुलींना, करून देत आहोत.

सिडनी यांचा जन्म २० फेब्रुवारी १९२७ रोजी अमेरिकेतील मायामी शहरात झाला. आईवडील मूळचे बहामा बेटांवरचे, गुलामांचे वंशज. टोमॅटो विकण्यासाठी ते मायामीला आले असताना हे मूल दिवस भरण्याआधीच जन्मले. मूल इतके अशक्त होते की ते जगणार नाही, असे समजून वडिलांनी पुरण्यासाठी बुटांचा खोका आणून ठेवला होता. आईने मात्र आशा सोडली नाही. मूल जगले.

कॅट आयलंड या लहानशा बेटावर तो वाढला. घरात वीज नव्हती, नळ नव्हता. आई पिठाच्या पोत्यांचे कापड शिवून मुलांना कपडे करी. पुढे फ्लोरिडात बहामाच्या टोमॅटोला बंदी आली, शेती बुडाली आणि कुटुंब नॅसॉ शहरात पोट भरायला आले. सिडनीची शाळा जेमतेम दीड-दोन वर्षांत संपली.

दाराचा धडा

पंधराव्या वर्षी त्याला मायामीला थोरल्या भावाकडे पाठवले. तिथे सामान पोहोचवण्याचे काम मिळाले. एका गोऱ्या बाईच्या बंगल्यावर तो पुढच्या दाराशी गेला. बाईने मागच्या दाराने यायला फर्मावले. समोर दार उघडे असताना मागे कशासाठी जायचे, हे त्या बेटावरच्या पोराला कळेचना. सामान पायरीवर ठेवून तो निघून गेला. त्यानंतर लवकरच गोऱ्या वंशवाद्यांची कु क्लक्स क्लॅन ही टोळी भावाच्या घरी त्याला शोधत आली. मागच्या दाराचा अर्थ आपल्या वडीलधाऱ्यांना कोणी समजावून सांगायला नको.

मायामी सोडून तो न्यूयॉर्कला पळाला. हॉटेलांत बशा विसळायच्या, झोपायला जागा नसेल तर इमारतीच्या गच्चीवर पडायचे, असे दिवस त्याने काढले. एकदा काळ्यांच्या वर्तमानपत्रात नट पाहिजेत अशी जाहिरात दिसली. तो हार्लेममधल्या ‘अमेरिकन निग्रो थिएटर’मध्ये गेला. हातात संहिता दिली, तर धड वाचता येईना. उच्चारही बेटावरचे. तिथल्या प्रमुखाने त्याला दाराबाहेर काढले आणि जाऊन बशा धू, असे सुनावले.

मी बशा धुतो हे याला कसे कळले? या प्रश्नाने सिडनीची झोप उडाली. आपल्या तोंडावर ते कायमचे लिहिलेले राहू द्यायचे नाही, असे त्याने ठरवले. पैसे साठवून रेडिओ घेतला आणि सहा महिने निवेदकांचे उच्चार ऐकून ते घोकले. काम संपले की तो हॉटेलात वर्तमानपत्र घेऊन बसे. तिथल्या एका म्हाताऱ्या ज्यू वेटरने त्याची धडपड पाहिली. पुढे कित्येक रात्री दिवसभराच्या कामानंतर तो वेटर त्याच्याजवळ बसून शब्दांचे अर्थ आणि वाचन शिकवत राहिला. सिडनी मोठे नट झाले, पण त्या माणसाला पुन्हा भेटून आभार मानणे काही जमले नाही. ही खंत त्यांनी शेवटपर्यंत बोलून दाखवली.

तो पुन्हा त्याच नाट्यसंस्थेत गेला. झाडलोट फुकट करतो, पण मला शिकवा, असे म्हणाला. तिथून १९४६ साली ब्रॉडवेच्या रंगभूमीवर ‘लायसिस्ट्राटा’ नाटकात पहिली छोटी भूमिका मिळाली. पहिल्याच रात्री घाबरून संवाद चुकले, तरी समीक्षकांच्या नजरेत तो भरला. याच १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते डॉ. डू बॉइस यांना पत्र लिहून, त्यांच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. दोन्हीकडच्या लढ्यांचे नाते इतके जुने आहे.

‘नाही’ म्हणण्याची किंमत

१९५० साली ‘नो वे आऊट’ चित्रपटात सिडनी डॉक्टर झाले. काळा माणूस पडद्यावर डॉक्टर म्हणून दिसणे हीच मोठी गोष्ट होती. नॅसॉला आईवडिलांनी तो पाहिला. त्यांच्या आयुष्यातला हा पहिलाच सिनेमा. पडद्यावर मुलाला मार बसताना पाहून आई उभी राहिली आणि तूही मार म्हणून ओरडू लागली!

पण एका चित्रपटाने पोट भरत नाही. मधल्या काळात त्यांनी हार्लेममध्ये खाणावळही चालवली. अशा ओढगस्तीत एका एजंटाने आठवड्याला ७५० डॉलरची भूमिका आणली. भूमिका एका सफाई कामगाराची. गुंड त्याच्या लहान मुलीचा खून करून प्रेत अंगणात फेकतात आणि तो बाप काहीच करत नाही. सिडनी यांनी नकार दिला. कामगाराची भूमिका म्हणून नव्हे. पोटच्या पोरीसाठीही न उठणारा बाप त्यांना मान्य नव्हता. माझे वडील असे कधीच वागले नसते, हे त्यांचे कारण. त्याच सुमारास पत्नीच्या बाळंतपणाचा खर्च समोर होता. त्यासाठी त्यांनी घरातले सामान गहाण ठेवून ७५ डॉलर कर्ज काढले. हा नकार पाहून तो एजंट थक्क झाला आणि पुढे त्यानेच त्यांचे काम पाहायला घेतले.

घराचा प्रश्न

११ मार्च १९५९ रोजी ‘अ रेझिन इन द सन’ हे नाटक ब्रॉडवेवर आले. लॉरेन हॅन्सबेरी या काळ्या तरुणीने ते लिहिले होते. काळ्या स्त्रीचे नाटक ब्रॉडवेवर येण्याची ती पहिलीच वेळ. त्याची गोष्ट आपल्या चाळीतली वाटावी. शिकागोत एका कोंदट घरात राहणारे कुटुंब, संडास-बाथरूम शेजाऱ्यांसोबत सामाईक. मुलगा ड्रायव्हर, सून धुण्याभांड्याला जाणारी, मुलीला डॉक्टर व्हायचे आहे. वडिलांच्या विम्याचे १०,००० डॉलर येतात. आई त्यातून गोऱ्यांच्या वस्तीत घर ठरवते. लगेच त्या वस्तीचा माणूस येतो आणि गोड बोलून सांगतो की जास्त पैसे घ्या, पण आमच्यात राहायला येऊ नका. उरलेला पैसा मुलाने ठकवणुकीत गमावलेला असतो. तो लाचार होऊन हे पैसे घ्यायला निघतो. पण स्वतःच्या लहान मुलासमोर उभे राहिल्यावर त्याची मान ताठ होते, तो नकार देतो आणि कुटुंब नव्या घरी निघते. हा मुलगा सिडनी यांनी उभा केला. नाटकाचे ५३० प्रयोग झाले. १९६१ साली त्यावर चित्रपट निघाला आणि त्यातही तेच होते. नाव सांगितल्यावर घर नाकारले जाणे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना हे नाटक वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

१३ एप्रिल १९६४ रोजी ‘लिलीज ऑफ द फील्ड’साठी त्यांना सर्वोत्तम अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. हे मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. याआधी १९४० साली हॅटी मॅकडॅनियल या काळ्या अभिनेत्रीला सहायक भूमिकेचे ऑस्कर मिळाले होते, तेही मोलकरणीच्या भूमिकेसाठी. त्या समारंभात तिला वेगळ्या टेबलावर बसवले होते.

बक्षीस मिळाले म्हणून सिडनी घरी बसले नाहीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मित्र हॅरी बेलाफोंटे यांच्यासोबत ते मिसिसिपीतल्या ग्रीनवूडला ७०,००० डॉलर रोख घेऊन गेले. काळ्यांची मतदार नोंदणी करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी तो पैसा होता. रात्री रस्त्यात गोऱ्यांच्या गाड्यांनी त्यांचा पाठलाग केला.

१९६७ सालच्या ‘इन द हीट ऑफ द नाइट’मध्ये एक गोरा जमीनदार त्यांना थप्पड मारतो आणि ते तत्काळ उलट थप्पड लगावतात. उलट थप्पड असेल तरच काम करीन, अशी त्यांची अट होती. आईचे नॅसॉतले म्हणणे मुलाने असे खरे केले.

त्यांच्यावर टीकाही झाली. ते नेहमी सद्गुणी, गोऱ्यांना रुचेल अशा काळ्या माणसाच्याच भूमिका करतात, असे त्यांच्याच समाजातल्या तरुणांनी म्हटले. त्या टीकेत तथ्य होते. पण त्या काळी आघाडीवर ते जवळजवळ एकटेच होते आणि साऱ्या समाजाचे ओझे एकाच नटाच्या खांद्यावर होते, हेही विसरता येत नाही. पुढे त्यांनी स्वतः दिग्दर्शन करून इतरांना वाट करून दिली. १९९७ पासून दहा वर्षे ते बहामाचे जपानमधील राजदूत होते. २००९ साली राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. ६ जानेवारी २०२२ रोजी वयाच्या चौऱ्याण्णवव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आपल्या मुलांनी नट व्हावे किंवा न व्हावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. आम्हाला या चरित्रातला तो म्हातारा वेटर अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याच्याकडे पैसा नव्हता, पदवी नव्हती. दिवसभराचे कष्ट झाल्यावर रात्रीचा अर्धा तास तेवढा होता. तेवढा वेळ आपल्याही घरात, शेजारी आणि विहारात निघू शकतो. आपल्या ओळखीत कोणाला वाचता येत नसेल, तर हे पान त्यांच्यासोबत बसून वाचावे. एकेका शब्दावर बोट ठेवून, न कंटाळता.