जलशोषक कण आणि खताची धूप

कारंजा लाड तालुक्यातील पुष्कळशी शेती आजही पावसाच्या भरवशावर होते. श्रावणात उघाड पडली म्हणजे बरड, मुरमाड रानातील सोयाबीन भारी काळ्या रानाच्या आधी माना टाकते. आणि मागाहून मोठी सर आली, की युरियातील नत्र पाण्याबरोबर मुळांखाली निघून जाते. अशा जमिनीत जलशोषक कणांचा उपयोग कितपत होतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

मक्याच्या पिष्टापासून बनविलेला असा पदार्थ 1970 च्या दशकात अमेरिकेतील पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेतून पुढे आला. आपल्याकडे नवी दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेने ‘पुसा हायड्रोजेल’ तयार केले. त्याचा कण शुद्ध पाण्यात स्वतःच्या वजनाच्या सुमारे 350 पट पाणी शोषून फुगतो. त्या पाण्यात विरघळलेला युरियाही आत शिरतो व माती सुकू लागली म्हणजे हळूहळू बाहेर येतो. मात्र युरियाचे नायट्रेट झाल्यावर कण त्यास धरून ठेवू शकत नाही, कारण दोहोंवरील विद्युत्‌भार एकाच जातीचा, म्हणजे ऋण असतो. म्हणून कपाशीस नत्र हप्त्यांनीच द्यावयाचे. कण घातले म्हणून ती पद्धत मोडू नये.

हेक्टरी 2.5 ते 5 किलो, म्हणजे एकरी 1 ते 2 किलो, अशी मात्रा सांगितली जाते. येथे थोडा हिशेब करावा. 2 किलो कण फार तर 700 लिटर पाणी धरतील. एकरावर पडलेला 1 मिलिमीटर पाऊसच 4,000 लिटरांहून अधिक भरतो! तेव्हा कण पावसाची जागा घेतात, ही समजूत चुकीची होय. त्यांचा लाभ मुळाजवळच, आणि प्रत्येक सरीने ते पुन्हा भरले तरच. शेतभर फेकणे म्हणजे पैसा मातीत घालणे. दहापट कोरड्या बारीक मातीत मिसळून ते पेरणीच्या वेळी तासातच सोडावे.

क्षारयुक्त पाण्यात कण फारच कमी फुगतात. कृषि सहायकांनी दोन पेल्यांत चिमूटभर कण घालून, एकात पावसाचे व दुसऱ्यात गावच्या विहिरीचे पाणी ओतून हा फरक शेतकऱ्यांस दाखवावा. भारी काळी माती स्वतःच पाणी धरून फुगते. तेथे या खर्चाची घाई नको. बरड रानातही प्रथम चार तासे कणांसह व चार त्यांवाचून पेरावी, खत दोन्हींस सारखेच द्यावे आणि मळणीचे माप वेगवेगळे घ्यावे.