चरबी काढल्यानंतरचा निबरपणा

'डॉक्टर, चरबी तर काढली, पण आता तिथे दगडासारखं काहीतरी हाताला लागतंय. आत काही राहिलं तर नाही ना?' लायपोसक्शन करून आलेले रुग्ण साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मला हा प्रश्न विचारतात. शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईला झालेली असते, टाके निघालेले असतात आणि शेजारीपाजारीच काय, पुष्कळदा घरातही कुणाला सांगितलेले नसते. त्यामुळे ही भीती माणूस एकटाच सोसतो. म्हणून आज या विषयाची थोडी माहिती घेऊ.

लायपोसक्शन म्हणजे त्वचेखालची चरबी बारीक नळीने शोषून घेणे. १९८७ साली अमेरिकेतील डॉ. जेफ्री क्लाइन यांनी त्वचेखाली आधी भुलीचे पातळ द्रावण भरपूर प्रमाणात भरण्याची पद्धत मांडली. तिच्यामुळे रक्तस्राव बराच कमी झाला. मात्र नळी चरबीतून मागे-पुढे फिरते, तेव्हा आत असंख्य बोगदे पडतात. बाहेर दिसणारे छिद्र जेमतेम अर्धा सेंटिमीटर. आतली जखम मात्र वीत-दोन वीत पसरलेली असते.

ही जखम शरीर स्वतःच बुजवते. पहिले काही दिवस सूज येते. त्यानंतर पेशी कोलॅजन नावाचे चिवट धागे विणू लागतात. पावसात बांध फुटला की शेतकरी आधी हाताला येईल ती दगडमाती टाकून भगदाड बुजवतो आणि उसंत मिळाल्यावर तो नीट रचतो, तसेच हे आहे. घाईने विणलेले धागे आडवेतिडवे असतात, म्हणून जागा टणक आणि खडबडीत लागते. पुढे शरीर जादा धागे विरघळवते, उरलेले सरळ करते. बहुतेकांचा निबरपणा ३ ते ६ महिन्यांत ओसरतो. काहींना वर्षही लागते. तेव्हा दुसऱ्या महिन्यात आरशापुढे उभे राहून 'ऑपरेशन फसले' असा निकाल देऊ नये.

या काळात काय करावे? दाब देणारा पट्टा सर्जनने सांगितले तितके दिवस, साधारणपणे ४ ते ६ आठवडे, वापरावा. त्याला चुण्या पडू देऊ नयेत. चुणीखाली त्वचेवर वळ पडतो. रोज सोसेल तितके चालावे. त्याने सूज उतरते आणि पायाच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोकाही कमी होतो. डाळी, उसळी, दूध, अंडी आहारात असू द्यावीत. तंबाखू, मशेरी, विडी बंद ठेवावी, कारण त्याने जखमेला होणारा रक्तपुरवठा घटतो. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवावी.

मालीश सर्जनच्या परवानगीनेच सुरू करावे, तेही हलक्या हाताने. बाळंतिणीला चोळतात तसे जोर लावून मालीशवालीकडून पोट रगडून घेऊ नये. त्याने आत पुन्हा रक्त साकळते आणि नवा व्रण तयार होतो.

दुसरी चूक शेकण्याची. शस्त्रक्रियेच्या जागी त्वचा कित्येक आठवडे बधिर असते. गरम पाण्याची पिशवी चटका देते आहे हे कळतच नाही आणि फोड आल्यावर लक्षात येते. बर्फही थेट त्वचेवर ठेवू नये.

प्रत्येक गाठ व्रणाचीच असते असे मात्र नाही. दाबल्यावर आत पाणी हलल्यासारखे वाटले तर द्रव साठलेला असू शकतो. सोनोग्राफीत तो दिसतो आणि सुईने काढता येतो. बेंबीजवळचा फुगवटा खोकल्यावर वाढत असेल तर हर्निया नाही ना, हे तपासून घ्यावे. ताप, वाढती लाली, कढतपणा, पू किंवा असह्य वेदना असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. एका पायाच्या पोटरीला सूज, छातीत दुखणे किंवा धाप लागणे, यांत एक तासही दवडू नये. थेट मोठे रुग्णालय गाठावे.

सहा महिन्यांनंतरही एखादी जागा टणकच राहिली तर उपाय आहेत. फिजिओथेरपीचा उपयोग होऊ शकतो. काही वेळा गाठीत स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. पण प्रमाण चुकल्यास त्वचा पातळ होऊन खळगा पडतो, म्हणून ते जाणकार सर्जनकडूनच घ्यावे. पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची घाई सहसा सहा महिन्यांच्या आत करू नये.

शेवटी एक विनंती. घरातल्या निदान एका माणसाला शस्त्रक्रियेची कल्पना द्या आणि गावातल्या डॉक्टरांपासून तर ती मुळीच लपवू नका. रात्री धाप लागली, तर सोबतच्या माणसाने 'यांची पंधरा दिवसांपूर्वी चरबी काढली आहे' एवढे सांगितले, तरी आमचे उपचार योग्य दिशेने सुरू होतात.